अ‍ॅपचं पॅकेज घेऊ की कुडाळच्या मॅडमकडे जाऊ?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: देवगड तालुक्यातलं गाव, वय ३१, पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करतात. वडील जाऊन दीड वर्ष झालं. गेले चार महिने रात्री दोन-अडीचला छातीत धडधडून जाग येते, आता आपण जाणार असं वाटतं आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागत नाही. एका थेरपी अ‍ॅपवर आठ सेशन्सचं पॅकेज बघून ठेवलंय, 'आज रात्री बारापर्यंत ऑफर' असं दिसतंय. दुसरीकडे मैत्रिणीने कुडाळला स्वतःची प्रॅक्टिस करणाऱ्या एका सायकॉलॉजिस्टचं नाव सुचवलंय, त्या ऑनलाइन पण घेतात. वहिनी म्हणते 'देवाक गाऱ्हाणा घाल, सगळा बरा होतला.' तर काय करू?

आधी ऑफरचं सांगते. ती रोज रात्री बारापर्यंतच असते. उद्या उघडून बघा, उद्यापण असेल. तेव्हा आज रात्री काहीही पैसे भरू नका, चार दिवस गेले तर काही बिघडत नाही.

आता माझी बाजू आधीच उघड करते. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, कणकवलीच्या बाजूला बसते, १७ वर्षं झाली. म्हणजे 'इथल्या माणसाकडे जा' असं सांगण्यात माझा स्वार्थ आहे हे धरूनच पुढचं वाचा. पण लॉकडाऊनपासून पुढे जवळजवळ दोन वर्षं मी ऑनलाइन थेरपी देणाऱ्या एका मोठ्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे अशाच एका अ‍ॅपवर पण काम केलंय, त्यामुळे दोन्हीकडचं मीठ खाल्लंय आणि दोन्हीकडचं खारट काय तेही माहितीये. क्लायंट्सचे किस्से पुढे येतील त्यात ओळख पटू नये म्हणून गाव, वय, धंदा सगळं बदललंय.

थेरपिस्ट शोधण्याच्या आधी एक काम करा, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर, बी-ट्वेल्व्ह आणि एक ईसीजी एवढं करून घ्या. तुम्ही लिहिलंय ते वाचून कोणीही म्हणेल पॅनिक अटॅक, आणि बहुतेक तसंच असेल, पण थायरॉइड वाढलेला असला तरी अशीच धडधड होते आणि रक्त कमी असलं तरी दम लागतो, आणि हे मी इथून वाचून ठरवू शकत नाही, अ‍ॅपवरचा चॅटबॉट तर नाहीच नाही. माझ्याकडे एक बाई सहा सेशन्स करून गेल्या तरी धडधड तशीच, मग थायरॉइड निघाला. चूक माझीच, मी पहिल्याच दिवशी रिपोर्ट मागायला हवे होते. तेव्हापासून मागते.

आणि चहा. रात्री जेवल्यावर कोरा चहा घेत असाल तर तो आधी बंद.

आता मूळ प्रश्न. 'अ‍ॅप की स्वतंत्र थेरपिस्ट' ही तुलना मला पहिल्यापासून थोडी वाकडी वाटते. अ‍ॅप काय थेरपी करत नाही, त्याच्या पलीकडे पण माझ्यासारखाच कोणीतरी माणूस बसलेला असतो, फक्त तो कोण असणार हे कंपनी ठरवते, तो तुमच्याजवळ किती दिवस राहणार हे कंपनी ठरवते आणि त्याच्याशी तुमचं जमलं नाही तर पुढे काय हेही कंपनीच ठरवते. म्हणून मी लोकांना विचारायला सांगते ते हे, की हा माणूस नक्की कोण आहे, आणि आपलं त्याच्याशी जमलं तर मधे त्याला आपल्यापासून कोण काढून घेऊ शकतं? एडवर्ड बॉर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली मांडलं होतं की उपचारातलं नातं तीन गोष्टींवर उभं असतं, कुठे जायचंय यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. त्यानंतर ढीगभर संशोधन झालं आणि कुठलीही पद्धत वापरा, या नात्याचा परिणामाशी संबंध आहे हे पुन्हा पुन्हा दिसलं. ते नातं व्हिडिओवर पण जुळतं बरं का. डिप्रेशन आणि एंग्झायटीसाठी व्हिडिओवरची थेरपी समोरासमोरच्या जवळपास तोडीची ठरते असं अभ्यासांत दिसलंय, म्हणजे 'ऑनलाइनला काय अर्थ नाही' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, मी स्वतः निम्मे लोक ऑनलाइन बघते.

नातं तुटतं ते वेगळ्या कारणाने. मी प्लॅटफॉर्मवर होते तेव्हा दिवसाला आठ-नऊ सेशन्स लागायची, दोघांच्या मधे दहा मिनिटं, त्यात पाणी पिऊन मागची नोट लिहायची. क्लायंट जे पैसे भरायचा त्यातले निम्म्याहून कमी माझ्या हातात पडायचे. करारात लिहिलेलं की क्लायंटला स्वतःचा नंबर द्यायचा नाही, प्लॅटफॉर्म सोडल्यावर त्याला स्वतःकडे घ्यायचं नाही. ठीक आहे, कंपनीच्या बाजूने बघितलं तर समजण्यासारखं आहे, जाहिरातीवर पैसे त्यांनी घातलेत. पण मी सोडलं तेव्हा ज्या २५-३० लोकांचं अर्धं बोलून झालं होतं त्यांना एक मेसेज गेला की तुमची थेरपिस्ट बदलली आहे, नवीन स्लॉट बुक करा. निरोपाचं एक सेशन पण नाही. त्यात एक मुलगी होती जिची तक्रारच अशी होती की माणसं न सांगता सोडून जातात, आणि तिच्यासमोर मी नेमकं तेच केलं. हे अजून डोक्यातून जात नाही.

तुमचे वडील गेलेत. तुमच्या त्रासात न सांगता गेलेलं माणूस आधीच एक आहे. म्हणून तुमच्या बाबतीत मी हा मुद्दा एवढा ताणून धरतेय, दुसऱ्या कोणाला फक्त परीक्षेच्या भीतीसाठी चार सेशन्स हवी असती तर मी म्हटलं असतं घ्या पॅकेज, काय फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट रेटिंगची. प्रत्येक सेशननंतर पाच तारे. ऐकायला बरं वाटतं, ग्राहक राजा. पण थेरपीत एक दिवस असा येतो की मी तुम्हाला नको ते विचारते आणि तुम्हाला माझा राग येतो, घरी जाऊन म्हणता ही बाई समजते काय स्वतःला, आणि पुढच्या वेळी तो राग घेऊन आलात की खरं काम तिथून सुरू होतं. ताऱ्यांची भीती असली की थेरपिस्ट तो प्रश्नच विचारत नाही, गोड बोलत राहतो, 'तुमच्या भावना अगदी बरोबर आहेत' वगैरे. मीपण केलंय ते. तीन तारे पडले की सिस्टीममध्ये तुम्ही खाली जाता, नवीन क्लायंट कमी येतात, मग माणूस आपोआप गुळगुळीत होतो. सगळे नाही होत, प्लॅटफॉर्मवर फार चांगली माणसं पण आहेत, त्यातल्या दोघींकडे मी आजही माझ्या जवळच्यांना पाठवते.

हे झालं प्लॅटफॉर्मच्या विरुद्ध. आता इथल्या माणसाच्या विरुद्ध, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आपल्याकडे गाव केवढं? तुम्ही कुडाळला मॅडमकडे जाणार, एसटी स्टँडवर उतरणार, तिथे तुमच्या मावशीचे दीर भेटणार, 'ही हय कित्याक इली?' संध्याकाळपर्यंत देवगडात गजाली. तुम्ही हसाल, पण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका शेजारच्या डेंटिस्टचं नाव सांगून येतात, एका बाईंच्या तर घरच्यांचा समज आहे की तिचं रूट कॅनाल वर्षभर चाललंय. आणि फक्त बघणाऱ्यांचा प्रश्न नाही, थेरपिस्ट स्वतःच ओळखीचा निघू शकतो. माझ्याकडे एकीने सासूबद्दल बोलायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं की त्या सासूबाई माझ्या आईच्या भजनी मंडळात आहेत. तिथेच थांबवलं, सांगितलं, दुसरीकडे पाठवलं. चांगला थेरपिस्ट हे करतोच, पण करायला दुसरं माणूस पाहिजे ना, अख्ख्या सिंधुदुर्गात आम्ही आहोत किती.

म्हणून ज्यांना गावात कळलं तर खरोखरच धोका आहे, म्हणजे घरात मारहाण होतेय, किंवा मुलगा गे आहे आणि घरी सांगितलेलं नाही, त्यांना मीच सांगते की बाहेरगावचा थेरपिस्ट बघ, प्लॅटफॉर्मवर बघ. वेंगुर्ल्याकडचा एक मुलगा आधी आठ महिने नुसता लिहून बोलत होता अ‍ॅपवर, आवाज पण नाही. त्याला ते दार मिळालं नसतं तर तो कुठेच बोलला नसता. प्लॅटफॉर्मचा आणखी एक फायदा म्हणजे नाही जमलं तर संकोच न वाटता सोडता येतं, माझ्याकडून सोडून गेलात तर मी तुम्हाला मासळी बाजारात भेटणार आणि दोघींना उगाच बांगड्यांचा भाव विचारत बसावं लागणार.

आणि रात्री साडेनऊचा स्लॉट, रविवारचा स्लॉट, हे प्लॅटफॉर्मवर मिळतं. माझ्याकडे रविवारी मिळणार नाही.

आता गुपिताचं दुसरं टोक. गावात कळायची भीती आपल्याला दिसते, कंपनीला कळायची दिसत नाही. अमेरिकेत बेटरहेल्प नावाचा या धंद्यातला फार मोठा प्लॅटफॉर्म आहे, २०१३ मध्ये सुरू झालेला. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये त्यांच्यावर कारवाई केली, कारण लोकांचे ईमेल आणि सुरुवातीला भरून घेतलेल्या फॉर्ममधली माहिती जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंकडे गेली होती, आणि आधी वचन दिलेलं की ही माहिती गुप्त राहील. ७८ लाख डॉलर भरायला लागले, ते पुढे ग्राहकांना परत वाटले. इथे थेरपिस्टांनी काही फोडलं नव्हतं, पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक असेल, फॉर्म कंपनीचा होता. आणि फिनलंडमध्ये वास्तामो नावाची थेरपी सेंटर्सची कंपनी होती, तिच्या हजारो पेशंटच्या नोट्स चोरीला गेल्या आणि २०२० मध्ये चोराने एकेका पेशंटला ईमेल करून खंडणी मागितली, पैसे दे नाहीतर तुझं सगळं जाहीर करतो. विचार करा, तुम्ही थेरपिस्टला जे सांगितलं तेच.

आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, त्याच्या कलम २३ मध्ये पेशंटच्या गुप्ततेचा हक्क लिहिलेला आहे, जिवाला धोका किंवा कोर्टाचा आदेश असे ठरावीक अपवाद सोडून. डिजिटल माहितीसाठी २०२३ चा वेगळा कायदा झालाय. पण कायदा आहे म्हणून निवांत झोपायचं असं नाही. अ‍ॅपवर फॉर्म भरताना तुम्हाला नऊ प्रश्न येतील, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, झोप कशी होती, शेवटचा जीव देण्याच्या विचारांबद्दल, ती पीएचक्यू-नाइन नावाची तपासणी आहे, शून्य ते २७ गुण. चांगली आहे, मीपण वापरते. पण पैसे भरायच्या आधी, थेरपिस्टचं तोंड बघायच्या आधी ती भरून घेतात तेव्हा मला खटकतं, कारण तोपर्यंत ती तुमची तब्येत नसते, त्यांच्या सेल्सची यादी असते. खोटं ईमेल वापरा सुरुवातीला, माझा काही आक्षेप नाही. ऑफिसने फुकट सेशन्स दिलेली असतील (तुमच्या पुण्याच्या कंपनीत एचआरला विचारा, बऱ्याच ठिकाणी चार-सहा सेशन्स असतात आणि कोणी वापरत नाही) तर एवढं लेखी विचारून घ्या की कंपनीला माझं नाव कळतं की फक्त किती जणांनी वापरलं तो आकडा कळतो.

आणि स्वतंत्र थेरपिस्ट म्हणजे सुरक्षित असं पण नाही हं. नोट्स कुठे ठेवता, व्हॉट्सअ‍ॅपवर मी जे लिहिते ते किती दिवस राहतं, तुमच्या गैरहजेरीत फोन कोण उचलतं, विचारा. एका ठिकाणी रिसेप्शनला थेरपिस्टचीच वहिनी बसायची. झालं मग.

डिग्रीचं नीट बघा, यात लोक सगळ्यात जास्त फसतात. आपल्याकडे 'काउन्सेलर', 'थेरपिस्ट', 'लाइफ कोच' असे बोर्ड लावायला आजवर कोणी अडवलेलं नाही, तीन आठवड्यांचा कोर्स केलेला पण लावतो. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणायचं तर मात्र रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, त्याचा सीआरआर नंबर असतो आणि आरसीआयच्या वेबसाइटवर तो नंबर किंवा नाव टाकून तपासता येतो. दोन मिनिटांचं काम आहे. म्हणजे आरसीआय नसलेले सगळे वाईट असं नाही, काउन्सेलिंग सायकॉलॉजीत एम.ए. करून वर्षानुवर्षं उत्तम काम करणारी माणसं आहेत, पण मग त्यांना विचारा कुठे शिकलात, कोणाच्या देखरेखीखाली काम करता, पॅनिकसाठी नक्की काय करता. प्लॅटफॉर्मवर 'व्हेरिफाइड एक्सपर्ट' असा हिरवा टिक असतो त्याला काही अर्थ नाही, तो त्यांनीच दिलेला असतो. आणि गोळ्या आम्ही देत नाही, देऊ शकत नाही, त्यासाठी सायकियाट्रिस्ट. ते ऑनलाइन पण बघतात, २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार काही औषधं ऑनलाइन लिहून देता येतात, पण अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी आणि शेड्यूल एक्समधली, म्हणजे सगळ्यात कडक नियंत्रणाच्या यादीतली औषधं नाही, तेव्हा कोणी चॅटवर झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी पटकन पाठवून दिली तर सावध व्हा.

पॅनिकसाठी विचाराल तेव्हा उत्तरात सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपीची पद्धत) हा शब्द यावा, आणि शरीराच्या त्या धडधडीला मुद्दामून, हळूहळू सामोरं जायचं शिकवणार असं काहीतरी यावं. नुसतं 'आपण बोलू, तुम्ही मोकळ्या व्हा' असं आलं तर ते पॅनिकसाठी पुरत नाही. वडिलांबद्दल मोकळं बोलणं लागणारच, पण ती दुसरी गोष्ट. दोन्ही येतात का ते बघा.

भाषा. तुमचा प्रश्न तुम्ही चांगल्या शुद्ध मराठीत लिहिलाय, पण रात्री अडीच वाजता धडधड होते तेव्हा मनात काय येतं? 'माका काय सुदरत नाय' (मला काही सुचत नाही) असंच ना? मग पलीकडे गुरगावची कोणीतरी हुशार मुलगी बसलीये आणि तिला तुम्ही ते इंग्लिशमध्ये सांगताय, 'आय फील ओव्हरव्हेल्म्ड', तर त्यात काहीतरी गळतंच. जीव घुसमटणं, काळीज हलणं, अंगाचं पाणी होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मला तीन वेगळ्या जागी घेऊन जातात. सगळ्यांना याची गरज नसते, काही जणांना उलट परकी भाषा बरी पडते, घरातल्या शब्दांना घरातली माणसं चिकटलेली असतात म्हणून. शिव्या, शरीर, संबंध यांच्याबद्दल इंग्लिशमध्ये बोलणं सोपं जातं हे मी शेकड्याने बघितलंय. पण ते तुम्ही ठरवायचं. अ‍ॅपच्या फिल्टरमध्ये 'मराठी' टाकून बघा, आणि ज्यांचं नाव येईल त्यांच्याशी पहिली दहा मिनिटं खरोखर मराठीतच बोला, कारण बऱ्याच जणांचं मराठी 'मी समजू शकते' इथपर्यंतच असतं.

देवाचं गाऱ्हाणं: घाला की. मी कधीच अडवत नाही. नारळ ठेवून चार माणसांच्या समोर आपलं दुखणं मोठ्याने सांगायचं आणि सगळ्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं, यात पण बळ आहे. फक्त अंगात आलेल्याने गोळ्या बंद कर सांगितलं तर गोळ्या बंद करायच्या नाहीत, आणि कोणी हजारोंचा विधी सांगितला तर त्याच्याकडे परत जायचं नाही.

पैशांचं सरळ गणित करा. समजा अ‍ॅपचं सेशन ९०० ला पडतं आणि कुडाळचं १२०० ला. आठ सेशन्सचे ७२०० आणि ९६००. चोवीसशे रुपये अ‍ॅपवर वाचतात असं दिसतं. पण पॅकेजची मुदत बघा, बहुतेक वेळा तीन महिने किंवा असंच काहीतरी असतं. तुमच्याकडे हापूसची बाग असेल तर एप्रिल-मेमध्ये कोणाला उसंत असते, माणसं पेट्या भरतील की सेशन लावतील? माझ्या एका क्लायंटची आधीच्या पॅकेजमधली पाच सेशन्स आंब्याच्या सीझनमध्ये बुडाली, रिफंड मागितला तर 'वॉलेटमध्ये क्रेडिट' मिळालं, त्यालाही मुदत. म्हणून कोणाकडेही, अ‍ॅप असो नाहीतर मी असो, पहिल्या सेशनला एकाचेच पैसे भरा. तिसऱ्या-चौथ्या सेशनपर्यंत तुम्हाला कळतं जमतंय का. पॅनिकसाठी साधारण १०-१५ सेशन्स धरून चाला, त्यात शोक पण आहे म्हणून थोडी वर. परवडत नसेल तर कमी फी विचारायला लाजू नका, आम्ही बरेच जण दोन-तीन जागा कमी फीच्या ठेवतो, फक्त बोर्डवर लिहित नाही. आणि सरकारी सोय विसरू नका, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग आहे, रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, महाराष्ट्रातल्या अशा चार मोठ्या रुग्णालयांपैकी एक, त्याच्या नावाने आपल्याकडे पोरांना घाबरवतात पण तिथे साधी ओपीडी चालते, लोक येतात, गोळ्या घेतात, संध्याकाळच्या गाडीने घरी जातात. सावंतवाडी-दोडामार्गकडचे लोक गोव्याला बांबोळीला जातात, तिथे पण सरकारी संस्था आहे.

चॅटबॉटबद्दल विचारलेलं नाही, पण रात्री अडीचला तुम्ही त्याच्याशी बोलत असणार असं मला वाटतंय, सगळेच बोलतात. १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉमने एलायझा नावाचा प्रोग्रॅम केलेला, तो फक्त आपलंच वाक्य उलटवून विचारायचा, तरी लोक त्याच्याजवळ मन मोकळं करायला लागले आणि तो स्वतःच हादरला. आत्ताचे त्याच्यापेक्षा हजारपट गोड आहेत. श्वासाचा व्यायाम आठवून द्यायला वापरा. पण पॅनिकमध्ये परत परत 'मला हार्ट अटॅक तर नाही ना' विचारून धीर घेत राहणं हाच आजाराचा भाग असतो, आणि हा बिचारा चारशेव्या वेळी पण तेवढ्याच प्रेमाने धीर देतो. माझ्यासारखी बाई तिसऱ्या वेळी विचारेल, परत का विचारताय?

कुठल्या गोष्टींसाठी ऑनलाइन नकोच, हे पटकन सांगते: लहान मुलं, आवाज ऐकू येणं किंवा कोणीतरी पाठीमागे लागलंय असं पक्कं वाटणं, खाणं सोडून वजन उतरत चाललेलं, आणि दारू. दारूचं तर खास, कारण रोज पिणारा माणूस एकदम थांबला की दोन-तीन दिवसांत भ्रम, झटके येऊ शकतात, जीव पण जातो, ते काम हॉस्पिटलचं आहे. आणि जीव द्यायचे विचार येत असतील तर पॅकेज तुलना करत बसायचं नाही. प्लॅटफॉर्मच्या अटींमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही सेवा इमर्जन्सीसाठी नाही. म्हणून दोघांनाही पहिल्या दिवशी विचारा, रात्री मला काही झालं तर तुम्ही काय करणार? इथली बाई सांगेल अमक्या डॉक्टरला फोन करते, १०८ बोलावते, तुमच्या भावाचा नंबर देऊन ठेवा. दिल्लीत बसलेल्याला देवगड कुठे तेच माहिती नसतं, पण एखादा नीट तयारीचा असेल तर तो पण तुमच्याकडून दोन नंबर लिहून घेईल. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. रात्री अडीचला चॅटबॉटऐवजी तिथे एकदा फोन करून बघा, इमर्जन्सीच पाहिजे असं नाही.

तर तुम्हाला मी काय सांगेन? कुडाळच्या मॅडम आरसीआय नोंदणीवाल्या असतील, तुमच्या नात्यागोत्यात नसतील, आणि पॅनिकवर काम केलेलं असेल तर त्यांच्याकडे पहिली दोन सेशन्स प्रत्यक्ष जाऊन करा आणि नंतरची ऑनलाइन. दोनदाच देवगड-कुडाळ करावं लागेल, सकाळची गाडी धरली तर दुपारी परत. एकदा समोर बसून रडलेलं असलं की मग व्हिडिओवर पण नीट बोलता येतं, हा माझा पक्का अनुभव. यातलं काही जमत नसेल, त्या ओळखीच्या निघाल्या किंवा पटल्या नाहीत, तर अ‍ॅपवर जा, पण अ‍ॅपवर जाताना 'मॅच करून द्या' बटण दाबू नका, नावं वाचून स्वतः निवडा, आणि पहिल्याच सेशनला विचारा की तुम्ही इथे किती दिवसांपासून आहात, आणि तुम्ही सोडून गेलात तर मला निरोपाचं सेशन मिळेल का. या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा बघा. मला कोणी विचारलं असतं तर मी गप्प बसले असते, आणि त्यातून त्याला कळलं असतं.

आता जागेचं, कारण ऑनलाइन सेशन इथेच फसतं. कोकणातल्या घरात माजघरात बोललेलं पडवीत ऐकू येतं. माझी एक क्लायंट काजूच्या बागेतल्या मांगरातून, म्हणजे तिथल्या खोपीतून बोलते, एक जण जेट्टीवर मोटरसायकलवर बसून, एक बाई पंप चालू करून न्हाणीघरात, पाण्याच्या आवाजात मला निम्मं ऐकू येत नाही पण तिचं निम्मं पण महत्त्वाचं असतं. दरवाज्याबाहेर रेडिओ किंवा पंखा लावून ठेवा. इयरफोन लावा म्हणजे निदान माझं बोलणं बाहेर जात नाही. नेटवर्कचं आधी ठरवून ठेवा, पावसात लाइट गेली की टॉवर पण जातो, आणि नेमकं तुम्ही वडिलांच्या शेवटच्या रात्रीबद्दल सांगत असताना स्क्रीन गोठते आणि मी तोंड उघडं टाकून अडकलेली दिसते. माझा नियम असा आहे की व्हिडिओ गेला तर दोन मिनिटांत मी साधा फोन लावणार, तो पण नाही लागला तर एसएमएस, आणि वेळ वाया गेला तेवढा पुढच्या वेळी धरणार. ज्या थेरपिस्टकडे जाल तिला हे विचारा. प्लॅटफॉर्मवर अ‍ॅपच्या बाहेर फोन लावायला परवानगी नसते, आणि कॉल तुटला तर सेशन 'पूर्ण झालं' म्हणून नोंद होते कधीकधी, हे माझ्यासमोर घडलंय.

आणि तारखा आत्ताच बघून ठेवा. चतुर्थीला मुंबईचे सगळे आले की घरात पंधरा-वीस माणसं, मांगरात पण कोणीतरी झोपलेलं असतं. त्या दहा-बारा दिवसांत ऑनलाइनचं सेशन लावूच नका, त्याऐवजी कुडाळला प्रत्यक्ष जायची वेळ आधीच मागून घ्या, गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान आणायला बाजारात जाते म्हणून सांगितलं तर कोणी विचारणार नाही.